बांध नसलेलं गाव : लॅक्स्टन, नॉटिंगहॅमशायर

न्यूअर्ककर (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मागे शेतीच्या धाग्यावर बांधावरून चाललेली हमरीतुमरी वाचली होती, तेव्हाच लॅक्स्टनबद्दल लिहायचं ठरवलं होतं. आज बाहेर पाऊस आहे आणि कामाला सुट्टी, म्हणून बसलोय लिहायला.

न्यूअर्क आणि ऑलरटन या दोन गावांच्या मधे लॅक्स्टन नावाचं खेडं आहे. रॉबिन हूडचं शेरवूडचं जंगल तिथून जवळच. गावात एक चर्च, एक पब, लाल विटांची घरं. सहज गाडीतून गेलात तर थांबावंसंही वाटणार नाही. पण गावाबाहेर पडलं की रान एकदम उघडं होतं. बाकीच्या इंग्लंडमधे प्रत्येक शेताला काटेरी झुडपांची कुंपणं आहेत, विमानातून दिसते ती चौकटी-चौकटींची हिरवळ. इथं तसं काही नाही. साऊथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी रानं, आणि एकेका रानात अनेक शेतकऱ्यांच्या लांबट पट्ट्या एकमेकींना खेटून. मधे कुंपण नाही, झाडांची रांग नाही, आणि नीट ऐका, बांधही नाही. माझी पट्टी कुठं संपते आणि शेजाऱ्याची कुठं सुरू होते, तर मधे नांगराची एक सरी. बस्स.

मध्ययुगात मध्य इंग्लंडच्या बहुतेक गावांची शेती अशीच होती. एका शेतकऱ्याची जमीन एका जागी नाही. दोन पट्ट्या ओढ्याकडच्या, तीन उतारावरच्या, एक गावाजवळची, अशी तिन्ही रानांत विखुरलेली. चांगली-वाईट माती सगळ्यांच्या वाट्याला यावी, आणि एका कोपऱ्यात पाणी साचून पीक गेलं तर दुसरीकडचं हाती लागावं, असा त्यामागचा हिशेब सांगतात. पिकांची फेरपालट सगळ्या गावाने मिळून करायची. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा म्हणजे जव, वाटाणा, घेवडा वगैरे, तिसरं पड. दरवर्षी चक्र एक घर पुढं. पड रानात गावाची मेंढरं चरायची, तेच खत. म्हणजे मला वाटलं म्हणून गव्हाच्या रानात मी एकट्याने वाटाणा घालीन, हे चालायचं नाही. आजही गहू, वसंताचं पीक आणि तिसरं वर्ष हा क्रम पाळतात. तिसऱ्या वर्षी मोकळी पड न टाकता गवत किंवा वैरण घेतात, एवढाच बदल.

जमीन अशी विखुरलेली, म्हणून शेतात घर बांधून राहण्यात अर्थ नाही. त्यामुळे शेतकऱ्यांचे वाडे, गोठे, कोठारं सगळी गावातल्या रस्त्यालाच. बरीच घरं रस्त्याला आडवी, आखूड बाजूची भिंत रस्त्याकडे आणि मागे लांब परसू. इंग्लंडमधे शेतकरी म्हणजे आपल्या शेताच्या मधोमध एकटा राहणारा माणूस. इथं मात्र गावठाण आहे.

आता मुद्द्याचं. बांध नाही, तर भांडणं कशी होत नाहीत? होतात. म्हणून तर इथं कोर्ट आहे. कोर्ट लीट म्हणतात. दर नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी ज्यूरी, म्हणजे गावातलेच शेतकरी पंच, ज्या रानात गहू पेरलाय तिथं फेरी मारतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात, हातात फावडी, लाकडी मेखा, मोठा हातोडा. मी रस्त्याकडेला उभा राहून बघितलंय. एकजण पट्टीच्या या टोकाच्या मेखेपाशी उभा राहतो, एक डोळा मिटून त्या टोकाच्या मेखेकडे बघतो, आणि "डावीकडे, अजून थोडं" असं ओरडत राहतो. जुनी मेख कुजली असेल किंवा नांगराने उपटली असेल तर नवी ठोकतात आणि फावड्याने एक छोटा चर मारून ठेवतात. कुणी शेजाऱ्याच्या पट्टीत, रस्त्यात किंवा गवताच्या राखीव तुकड्यात फाळ घातला असेल तर नाव टिपून घेतलं जातं. रानात उतरल्यावर सगळं पायी, सगळ्यांसमोर. मग पबमधे जेवण.

आठवड्याने कोर्ट बसतं, तेही त्याच पबमधे, डव्हकोट इन नाव त्याचं. जमीनमालकाचा कारभारी अध्यक्षस्थानी. ज्यूरीचा म्होरक्या अहवाल देतो, दंड ठोठावले जातात, पुढच्या वर्षीच्या ज्यूरीला शपथ देतात. रक्कम किरकोळ असते. पण हे नाटक नाही. १९७७ साली ब्रिटिश संसदेने देशभरातल्या असल्या जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचं कोर्ट लीट तेवढं वगळलं. कारण इतरत्र हे कोर्ट म्हणजे झगे घालून मिरवायचा सोहळा उरला होता, आणि इथं त्याला खरोखर काम होतं.

आज गावच्या सगळ्या जमिनीपैकी थोडीच अशी उघडी राहिली आहे, बाकी पूर्वीच कुंपणात गेली. तरीही एवढ्या पूर्णपणे चालू असलेली खुल्या रानांची शेती इंग्लंडमधे दुसरीकडे नाही. ती का टिकली हे पुढच्या प्रतिसादात लिहितो, चहा थंड होतोय.

---

कोरडवाहू

भारी धागा. पण एक सांगा, बांध नाही तर वैरण कुठली? आमच्याकडं बांधावरचं गवत म्हणजे एका म्हशीची सोय. आणि बांध कोरायला बांधच नसेल तर आमच्या चुलत्याने आयुष्यात केलं तरी काय असतं!

---

न्यूअर्ककर

@कोरडवाहू, हाहा. वैरणीची सोय आहे. रानांच्या मधल्या सखल, पाणथळ पट्ट्या जिथं नांगर चालत नाही, त्या कायम गवताखाली ठेवल्या आहेत. त्यांना साइक म्हणतात. तिथलं गवत गावाचं. त्याचा दरवर्षी लिलाव होतो. शेकडो वर्षं नांगर न लागल्यामुळे तिथं रानफुलांच्या इतक्या जाती टिकल्या आहेत की सरकारने त्या साइकना संरक्षित दर्जा दिला आहे. कोर्टात सगळ्यात जास्त कान उपटले जातात ते साइकमधे नांगर घालणाऱ्याचेच. ट्रॅक्टर वळवताना गवतात दोन हात घुसणं सोपं असतं ना.

आणि कोंडवाडाही आहे बरं का. चुकार जनावरं पकडून कोंडायची आणि मालकाकडून दंड घ्यायचा, त्यासाठी कोर्ट माणूस नेमायचं. कोंडवाडा अजून उभा आहे, जनावरं मात्र येत नाहीत.

---

मोजणीदार (निवृत्त)

नमस्कार. मी भूमी अभिलेखमधे नोकरी केली, त्यामुळे हा धागा माझ्या गल्लीतला.

खुणा जाग्यावर जाऊन, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर तपासणं हेच खरं काम असतं. नकाशा कितीही चांगला असला तरी कागदावरची रेष रानात दिसत नाही. आमच्याकडे मोजणीचा अर्ज येतो तोच मुळी भांडण झाल्यावर. तोवर जुने दगड गायब, शेजारी हजर राहत नाही, राहिला तर सही करत नाही. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून फेरी मारली असती तर आमच्या निम्म्या फायली उघडल्याच नसत्या.

प्रश्न असा की त्यांच्याकडे मूळ नकाशा कुठला? मेख हलली तर परत कशाच्या आधारे ठोकतात?

---

न्यूअर्ककर

@मोजणीदारकाका, रोजच्या कामाला गेल्या शतकातले नकाशे आणि म्हाताऱ्यांची नजर. पण या गावाचा जो प्रसिद्ध नकाशा आहे तो १६३५ सालचा! मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने केलेला. सोबत एक जाडजूड खतावणीही आहे, कोणती पट्टी कुणाकडे, किती एकर, सगळं. पट्ट्या दोन हजारांच्या वर भरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालकाने बऱ्याच पट्ट्या जोडून मोठ्या केल्या, म्हणून आज संख्या खूप कमी आणि रुंदी जास्त दिसते.

नकाशा आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. आकाराने भिंतभर. त्याची छापील प्रत मी बघितली आहे. आणि पिअर्स नुसता रेघा मारून थांबला नाही. पट्ट्यांमधे बोटाच्या पेराएवढी माणसं काढली आहेत: एक नांगर धरून चाललाय, पेरणी चालली आहे, पुढं कापणीवाले वाकलेले, कडेला शिकारी आणि हरणं. सरकारी मोजणीत असली चैन कुणाला परवडते?

---

मोजणीदार (निवृत्त)

आम्ही साधं विहिरीचं चिन्ह जरा मोठं काढलं तरी साहेब बोलायचे.

---

तिरकस

धागा छान, पण त्यात थोडं मीठ टाकतो. "सगळं गाव मिळून", "सगळ्यांच्या वाट्याला चांगली माती" वाचून सुवर्णयुग डोळ्यांपुढं येतं. ते कोर्ट कुणाचं? जमीनदाराचं. अध्यक्ष कोण? जमीनदाराचा कारभारी. ज्यूरीत कोण? ज्यांच्याकडे जमीन आहे ते. ज्याच्या नावावर पट्टीच नव्हती, जो दुसऱ्याच्या रानात राबायचा, त्याला काय आवाज होता? आणि १६३५ साली कुणी हौसेने मोजणी केली नसणार. नव्या मालकाला खंड वाढवायचा असतो तेव्हाच मोजणीदार गावात येतो, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

---

न्यूअर्ककर

@तिरकस, मान्यच. ते कोर्ट मुळात मालकाचंच. लोकशाही वगैरे नव्हती ती. लॅक्स्टनमधे नॉर्मन काळातला मोठा मातीचा किल्ला आहे, चर्चच्या उत्तरेला. शेरवूडच्या जंगलाची राखण ज्यांच्याकडे वंशपरंपरेने होती त्या घराण्याचं ते ठाणं. म्हणजे गावावर वचक कुणाचा हे सांगायलाच नको. १०८६ च्या डोम्सडे नोंदीतही, म्हणजे राजाने करवलेल्या देशभरच्या जमिनींच्या मोजदादीतही, गाव आहे आणि तिथंही पहिलं नाव मालकाचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की रोजचे नियम, म्हणजे कोणत्या तारखेला मेंढरं सोडायची, कुणी किती जनावरं घालायची, पाण्याचे चर कुणी उपसायचे, हे ठरवायला आणि पाळायला लावायला गावातलीच माणसं लागायची. कारभारी वर्षातून एकदा यायचा. नांगर दोन फूट आत घुसला हे त्याला दिसणार कसं?

आता "का टिकलं" ते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधे कुंपणांची लाट आली. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने असे ५,२०० वर कायदे केले आणि जवळजवळ ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा, नव्याने वाटून कुंपणात घातली. पट्ट्या एकत्र केल्या, गायरानं वाटून टाकली. लॅक्स्टनलाही काही भाग असाच गेला. पण उरलेल्या रानांचं घोडं अडलं. गावच्या जमिनीत अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो असे दोन बडे हिस्सेदार होते, शिवाय काही छोटे मालक. त्यांचं एकमेकांशी जमेना. अदलाबदल करून जमीन एकत्र आणायची बोलणी लांबत गेली. तोवर १८७० नंतरची शेतीची मंदी आली, धान्याचे भाव कोसळले आणि एवढा खर्च करण्यात कुणाला रस उरला नाही.

म्हणजे कुणी "परंपरा जपू या" म्हणून जपलेलं नाही. दोन बड्यांचं फाटलं म्हणून वाचलं. जपायचं खूळ नंतरचं. १९३० च्या दशकात ऑक्सफर्डच्या अभ्यासकांचं लक्ष गेलं, मग १९५२ साली मॅन्व्हर्स यांनी हे सगळं सरकारच्या शेती खात्याला विकलं, व्यवस्था चालू ठेवावी या बोलीवर. १९८१ साली ते क्राऊन इस्टेटकडे, म्हणजे राजघराण्याच्या नावच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं. आणि २०२० साली ते विकत घेतलं थोर्सबी इस्टेटने, म्हणजे मॅन्व्हर्स घराण्याच्याच मूळ इस्टेटीने. अडुसष्ट वर्षांनी घरचं घरी.

---

मीनाक्षी_लेस्टर

न्यूअर्ककर, तुम्ही गरिबांचं काय झालं ते टाळलंत. त्याच भागात साउथवेलचं वर्कहाऊस आहे. आम्ही लेस्टरहून मुलांना घेऊन गेलो होतो. १८२४ साली बांधलेलं, आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे. बेचर नावाच्या पाद्रीबुवांची ती कल्पना: गरिबांना घरी मदत द्यायची नाही, मदत हवी तर इथं येऊन राहा, आणि राहणं इतकं रूक्ष ठेवायचं की कुणी हौसेने येऊ नये. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. अंगणंसुद्धा वेगळी, उंच भिंतींची. नवरा-बायकोची गाठ पडू नये म्हणून जिनेही वेगळे. पुढं १८३४ साली सगळ्या देशाचा गरिबांचा कायदा झाला त्याला हाच नमुना धरला.

गायरानावर एखादी गाय, दोन बदकं, सरपणाला काटक्या एवढ्यावर ज्याचं भागायचं, त्याचं गायरान वाटून टाकल्यावर तो जाणार कुठं? माझा मुलगा आठ वर्षांचा, त्याने तिथल्या बाईंना विचारलं, "पण त्यांनी काय केलं होतं?" त्या म्हणाल्या, काही नाही. त्याला ते पटेना.

---

तिरकस

@मीनाक्षी, +१. हेच म्हणायचं होतं.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लोक मला क्रांतिकारक समजतील. गरिबी कुंपणांमुळेच आली असं सरळ गणित मांडता येत नाही. लोकसंख्या झपाट्याने वाढत होती, घरोघरी सूत कातायचं काम कारखान्यांनी खाल्लं, नेपोलियनची युद्धं संपल्यावर भाव पडले. कुंपण हा त्यातला एक घाव.

---

बखरबहाद्दर

उशीर झाला यायला. न्यूअर्ककर, तुम्ही इतकं लिहिलंत आणि सगळ्यात मोठी गंमत सोडून दिलीत! १६३५ चा तो नकाशा करून घेणारा मालक कोण?

---

न्यूअर्ककर

सर विल्यम कोर्टीन. लंडनचा व्यापारी. गाव नुकतंच घेतलं होतं त्याने. पुढं?

---

बखरबहाद्दर

पुढंच तर सगळं आहे. बसा.

हा कोर्टीन साधा व्यापारी नव्हे. बाप नेदरलँड्समधून आलेला निर्वासित, कापडाच्या धंद्यात. लेकाने त्यावर अफाट पैसा केला आणि राजांना कर्जं दिली. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर पहिली इंग्रज वसाहत बसवण्यात याचाच पैसा. आणि ज्या १६३५ साली लॅक्स्टनमधे पिअर्स साखळ्या ओढत होता, त्याच वर्षाच्या शेवटी राजा पहिला चार्ल्स याने कोर्टीन मंडळींना ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून पूर्वेकडे व्यापाराची सनद दिली. कंपनीकडे मक्तेदारी असताना! कंपनी नुसती जळफळली.

मोका असा होता की १६३५ च्या जानेवारीत गोव्यात कंपनीचा सुरतेचा प्रमुख मेथवोल्ड आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश यांच्यात तह झाला होता. इतकी वर्षं एकमेकांची जहाजं बुडवणारे इंग्रज आणि पोर्तुगीज आता गोव्यात उघड भेटू लागले. त्याचा फायदा उठवायला कोर्टीनने जॉन वेडेल या कप्तानाच्या हाताखाली १६३६ च्या एप्रिलमधे ताफा सोडला. तो ताफा ऑक्टोबरात गोव्याला पोचला. सोबत पीटर मंडी नावाचा भटक्या होता. त्याने तपशीलवार रोजनिशी ठेवली, म्हणून आपल्याला हे माहीत. पुढं वेडेल मकाव आणि कँटनपर्यंत गेला, चिन्यांशी मारामाऱ्या केल्या. आणि आपल्या किनाऱ्यावर या मंडळींनी भटकळ, कारवारला वखारी टाकल्या. मिरी हवी होती त्यांना. राजापूरच्या बंदरातही त्यांनी हातपाय पसरले. ईस्ट इंडिया कंपनी राजापुरात स्थिरावली त्याच्या आधीची ही गोष्ट. शिवाजी महाराजांनी राजापूरच्या वखारीला हिसका दाखवला तो १६६१ मधे, कंपनीच्या वखारीला.

कोर्टीनला मात्र यातला दमडा दिसला नाही. ताफा गोव्याला पोचायच्या आधीच, १६३६ च्या मे महिन्यात तो वारला. मुलाच्या गळ्यात कर्जं आली. जहाजं बुडाली, काही डचांनी धरली, आणि तो दिवाळखोर होऊन देश सोडून गेला. लॅक्स्टन गाव १६४० च्या सुमारास विकलं गेलं ते पिअरपॉन्ट घराण्याला. पुढचे मॅन्व्हर्स ते याच घराण्याच्या शाखेतले, बरोबर ना न्यूअर्ककर?

तर मंडळी, राजापूर-कारवारच्या मिरीवर डोळा ठेवणाऱ्या माणसाने आपल्या गव्हाच्या पट्ट्या मोजून घेतल्या, म्हणून आज त्या गावाचा नकाशा आहे.

---

न्यूअर्ककर

दंडवत! कोर्टीनचं नाव मी गावच्या माहितीफलकावर अनेकदा वाचलंय, पण तिथं तो नुसता "लंडनचा श्रीमंत व्यापारी". गोव्याचा ताफा त्याचा हे कळल्यावर तो नकाशा वेगळाच दिसायला लागला. आणि हो, पिअरपॉन्ट तेच.

---

कोरडवाहू

म्हणजे तिकडं कर्ज काढून धंदा, आणि बुडाल्यावर गाव विकलं. आमच्याकडं याला वेगळं नाव नाही.

---

मोजणीदार (निवृत्त)

बखरबहाद्दरांनी इकडचा धागा काढलाच आहे तर उलट्या दिशेचा एक मी जोडतो. हॅरॉल्ड मान हे इंग्रज गृहस्थ पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची घर न् घर, पट्टी न् पट्टी पाहणी केली आणि १९१७ साली प्रसिद्ध केली. त्यात त्यांनी दाखवलं की १७७१ साली सरासरी एका खातेदाराकडे ४० एकर जमीन होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली, आणि तीही तुकड्या-तुकड्यांत, गावभर विखुरलेली. वाटण्या करताना प्रत्येक भावाला प्रत्येक प्रतीच्या जमिनीतला वाटा हवा, म्हणून प्रत्येक तुकड्याचे तुकडे. धागाकर्त्यांनी वर "चांगली-वाईट माती सगळ्यांच्या वाट्याला" लिहिलंय, तोच न्याय.

मग आला १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले ते त्याच्यातूनच. गट स्कीममधे अदलाबदल झाली आणि तिच्यातून जे वाद उभे राहिले ते मी निवृत्त होईपर्यंत मिटले नव्हते. "माझी विहिरीची जमीन गेली आणि मुरमाड आली" हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं असेल. तेव्हा लॅक्स्टनचे दोन अर्ल अदलाबदलीवर अडून बसले यात मला नवल वाटत नाही. जमिनीच्या बदल्यात जमीन हा जगातला सगळ्यात अवघड सौदा.

मान साहेब पुढं इंग्लंडला परतले आणि बेडफर्डशायरच्या वोबर्नच्या शेती प्रयोग केंद्रात काम करत राहिले. पिंपळे सौदागरात आता एक तुकडा शेत दिसलं तर मला कळवा.

---

तिरकस

पिंपळे सौदागरात राहतो. बाराव्या मजल्यावर. बांध नाही, पार्किंगचे पिवळे पट्टे आहेत. भांडणं तीच.

मोजणीदारकाका, पण एक फरक आहे. आपल्याकडे तुकडे विखुरले तरी पेरणी ज्याची त्याची. सामायिक फेरपालट, सगळ्यांनी एकदम पड ठेवणं, पीक निघाल्यावर सगळ्यांची जनावरं सगळ्यांच्या रानात, असा कडक नेम त्यांच्याकडे होता. त्यामुळे विखुरण्याचा त्रास त्यांना कमी आणि नियमांचा जाच जास्त असणार. नवं पीक, नवं बियाणं आणायचं तर आधी सगळ्या गावाला पटवा. कुंपणवाल्यांचा हाच तर मुख्य मुद्दा होता: उघड्या रानात सुधारणा होत नाही.

---

न्यूअर्ककर

@तिरकस, मुद्दा होता, पण तो पुरता खरा नव्हता असं आताचे बरेच इतिहासकार म्हणतात. उघड्या रानांतही लोकांनी वाटाणा, क्लोव्हर (चाऱ्याचं पीक) अशी पिकं आणली, फक्त हळूहळू आणि ठराव करून. शिवाय चराईवर मर्यादा होत्या. कुणी किती जनावरं सोडायची याचा कोटा ठरलेला, आणि तो हक्क विकता-भाड्याने देता यायचा. सामायिक म्हणजे बेवारस, आणि बेवारस म्हणजे नासाडी, असं १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मांडलं आणि ते फार गाजलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंनी जगभरच्या अशा व्यवस्था तपासून दाखवलं की नियम, पहारा आणि लहान दंड असला की सामायिक गोष्टी शतकानुशतकं टिकतात. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. लॅक्स्टनचा दंड किरकोळ आहे याला मी म्हणूनच हसत नाही. पैशाचं काही नसतं. शेजाऱ्यांनी भर पबमधे नाव वाचून दाखवलं, हे लागतं.

---

मीनाक्षी_लेस्टर

आजूबाजूला अजून काय आहे? आम्ही उन्हाळ्यात तिकडं पूर्ण दिवस काढायचा म्हणतोय. वर्कहाऊस झालंय बघून.

---

न्यूअर्ककर

बरंच आहे. लॅक्स्टनच्याच हद्दीत राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आहे, १९९५ पासून. दोन भावांनी स्वतःच्या कुटुंबाच्या जागेत सुरू केलेलं. शेतांच्या मधे असलं काही असेल असं वाटत नाही. मुलगा आठ वर्षांचा आहे, तेव्हा त्यातला मुलांसाठीचा भाग आधी नीट विचारून घ्या.

शेजारचं ईकरिंग चुकवू नका. तिथल्या दोन गोष्टी सांगतो, दोन्ही खऱ्या.

डर्बीशायरमधल्या ईयम गावाची गोष्ट इथं अनेकांना माहीत असेल: १६६५-६६ च्या प्लेगमधे गावाने स्वतःला कोंडून घेतलं, बाहेर कुणी जायचं नाही. त्यात पुढाकार घेणारा तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन. त्याची बायको कॅथरीन त्याच साथीत, ऑगस्ट १६६६ मधे गेली. हा मॉम्पेसन १६७० साली ईकरिंगला पाद्री म्हणून आला. साथ संपून चार वर्षं झाली होती, तरी ईकरिंगचे लोक त्याला गावात घ्यायला घाबरले. असं सांगतात की तो सुरुवातीला रफर्डच्या बागेत झोपडीत राहिला आणि एका झाडाखाली उघड्यावर प्रवचन द्यायचा. त्या जागी आता दगडी क्रूस आहे. ज्याने गाव वाचवायला स्वतःला कोंडून घेतलं, त्यालाच पुढच्या गावाने वेशीबाहेर ठेवलं! लोक मात्र नंतर रुळले. १७०९ साली वारला तोपर्यंत तो ईकरिंगलाच होता.

दुसरी गोष्ट तेलाची. १९३९ साली ईकरिंगजवळ तेल सापडलं. युद्धात जर्मन पाणबुड्या तेलाची जहाजं बुडवत होत्या, तेव्हा १९४३ मधे अमेरिकेच्या ओक्लाहोमातून ४२ जण गुपचूप आणले आणि राहायला ठेवले ते केलमच्या मठात, ब्रह्मचारी साधूंच्या शेजारी. तेलाच्या विहिरी खणणारे रांगडे गडी आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणारे साधू एकाच छपराखाली! वर्षभरात त्यांनी १०६ विहिरी खणल्या. झाडीत लपलेले मनोरे, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ता नाही. त्यातला एकजण मनोऱ्यावरून पडून गेला. आता ड्यूक्स वुडमधे जुने पंप ठेवलेत, बाकी सगळं झाडांनी गिळलंय.

---

कोरडवाहू

साधूंचं पुढं काय झालं ते सांगा की!

---

बखरबहाद्दर

तेलाचा वेगळा धागा काढा, न्यूअर्ककर. इथं बांध ओलांडतोय आपण. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

न्यूअर्ककर

काढतो, पण पेरण्या उरकल्यावर, म्हणजे आमच्या ऑफिसातल्या.

@मीनाक्षी, उन्हाळ्यात आलात तर साइकमधली फुलं जूनमधेच बघा, गवत कापायच्या आधी. पण ज्यूरी बघायची असेल तर नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार, सकाळी. गमबूट आणा. तिथली माती लाल चिकण आहे, नोव्हेंबरात एकदा बूट रुतला की पाय बाहेर येतो आणि बूट तिथंच राहतो. पट्ट्यांमधून चालू नका, गहू नुकता उगवलेला असतो. कडेच्या गवती वाटेनेच जा. पबमधे जेवायचं असेल तर आधी फोन करा, त्या दिवशी पंचांचीच गर्दी असते.

@मोजणीदारकाका, तुमच्यासाठी नकाशाची प्रत मिळते का बघतो. नांगरवाला भाग नक्की.

---

मोजणीदार (निवृत्त)

प्रत मिळाली तर खतावणीचंही एखादं पान बघा. स्तंभ कोणकोणते होते ते हवंय मला.